पगाराच्या चिठ्ठीतले दोनशे रुपये

रोजगार हमीसाठी झगडलेल्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

दर महिन्याला माझ्या पगारातून २०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. फेब्रुवारीत ३००. म्हणजे वर्षाचे २,५००. पुण्यात पहिल्या नोकरीला लागले तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मी विचारलं, हे कशाचे? तो म्हणाला, "सगळ्यांचेच जातात." तेवढ्यावर मी गप्प बसले. दिवाळीला सातारा जिल्ह्यातल्या माणला घरी गेले तेव्हा वडिलांना पगाराची चिठ्ठी दाखवली. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा कर १९७५ साली लावला, मागेल त्याला काम देणाऱ्या रोजगार हमीला पैसा उभा करायला. तुझ्या आजीनं खडी फोडली ना, त्याच्या पुढची गोष्ट आहे ही."

त्या दिवसापासून हे पत्र मनात आहे. तुमच्यातले कितीतरी जण आज हयात नाहीत. बहुतेकांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत, माझ्याकडेही नाहीत. तरी लिहिते.

बहात्तरचा दुष्काळ आमच्या घरात आजही तारखेसारखा वापरतात. "बहात्तरच्या आधी", "बहात्तरनंतर". माझे वडील त्याच साली जन्मले. आजी ओली बाळंतीण असताना खडीच्या कामावर गेली, कारण घरात दाणा नव्हता आणि आजोबा बैलं घेऊन चाऱ्याच्या शोधात खाली गेले होते. बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून तिच्यात पोर टाकायचं आणि समोर बसून दगड फोडायचा. चिंध्यांची चुंबळ करून तिच्यात दगड धरायचा, म्हणजे कपच्या उडत नाहीत. तरीही उडायच्याच. आजीच्या डाव्या अंगठ्याचं नख नंतर कधी सरळ उगवलं नाही. लहानपणी मी ते नख हातात धरून झोपायचे.

ती सांगायची की दुपारी हातोड्यांचा आवाज एकदम थांबला तर समजायचं, कारकून ढिगाचं माप घ्यायला आला. बायका उठून ढिगाभोवती उभ्या राहायच्या आणि त्याच्या टेपवर डोळा ठेवायच्या. लिहिता-वाचता एकीलाही येत नव्हतं. पण आपला ढीग काल केवढा होता आणि आज केवढा आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. आठवड्याच्या पगारात माप कमी धरलेलं दिसलं की एकजात सगळ्या हातोडे खाली ठेवायच्या. "भीक नाय मागत, घामाचं मागतोय," असं ती मुकादमाला तोंडावर म्हणाली होती. हे सांगताना ती मला फार आवडायची.

१९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी. घरात मिलो, तो अमेरिकेहून आलेला लाल दाणा, आणि कामावर सुकडी, म्हणजे मजुरांना वाटायचा कोरडा पौष्टिक खाऊ. तुम्ही त्या माणसांत जाऊन बसलात. लाल बावट्याचे, शेतकरी कामगार पक्षाचे, समाजवादी, शहाद्याच्या श्रमिक संघटनेचे आदिवासी कार्यकर्ते, आणि कुठल्याच पक्षाचे नसलेले गावोगावचे शिक्षक आणि पोरं. मुंबईत मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर लाटणी घेऊन महागाईविरुद्ध बायकांना रस्त्यावर आणत होत्या, त्याच काळात तुम्ही खडीवरच्या बायकांचे मोर्चे तहसिलीवर नेत होतात. मजुरी वेळेवर द्या, प्यायला पाणी ठेवा, पोरांना सावली करा, आणि पाऊस पडला म्हणून काम बंद करू नका. मला वाटतं, यातली शेवटची मागणी सगळ्यात मोठी होती. दुष्काळ संपला की सरकारची कामं संपतात, ही आजवरची रीत. पण भूमिहीन माणसाला पाऊस पडल्यावरही उन्हाळा असतोच. तुम्ही म्हणालात, दुष्काळ असो नसो, मागेल त्याला काम.

ही कल्पना आधीपासून वि. स. पागे मांडत होते. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचा हा माणूस १९६० पासून अठरा वर्षं विधानपरिषदेचा सभापती होता. सभापतीच्या खुर्चीत बसूनही त्यांचं डोकं गावाकडच्या रिकाम्या हातांतच गुंतलेलं असायचं. आधी त्यांच्याच भागात लहान प्रमाणावर प्रयोग झाला, मग १९७२ मध्ये योजना आली, आणि पुढे तिचा कायदा झाला. १९७७ साली विधिमंडळाने तो मंजूर केला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पागेसाहेब, तुम्हाला वेगळा नमस्कार. तुम्ही नसतात तर रस्त्यावरच्या घोषणेला कलमांची भाषा मिळाली नसती. आणि रस्त्यावर घोषणा नसती तर तुमची कलमं फायलीत राहिली असती, हे तुम्हीही मान्य केलं असतंत असं मला वाटतं.

कायद्यात काय आहे, हे मी नोकरी लागल्यावर वाचलं आणि थक्क झाले. खेड्यातल्या प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं तर १५ दिवसांत ते द्यायचं, नाही दिलं तर बेकारभत्ता द्यायचा. मजुरी कामाच्या मापावर, म्हणून बाईला पुरुषापेक्षा कमी दर नाही. दिवसांची मर्यादा नाही. आणि पैसा मुळात कुठून यायचा? नोकरदारांच्या व्यवसाय करातून, मोटारींवरच्या, विक्रीवरच्या, ओलिताच्या जमिनीवरच्या जादा करांतून, आणि या करांतून जेवढी रक्कम गोळा होईल तेवढ्याच रकमेची भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालून. ज्याच्याकडे मासिक पगार आहे, पाटाचं पाणी आहे, गाडी आहे, त्याने थोडं द्यायचं आणि ज्याच्याकडे फक्त दोन हात आहेत त्याच्या हातांना काम मिळायचं. राज्याचा पैसा कोणाकडून घ्यायचा आणि कोणाकडे वळवायचा, याचा इतका सरळ हिशेब मी दुसरा पाहिलेला नाही.

आता एका व्यक्तीबद्दल. ताई, तुमचं नाव मी लिहीत नाही, पण तुम्ही हे वाचलंत तर ओळखाल.

२००३ सालचा उन्हाळा. आमच्याकडे लागोपाठ पाऊस हुकलेला. मी आठ वर्षांची. आई आणि वाडीतल्या बावीस बायका काम मागायला एका कचेरीत गेल्या. तिथल्या माणसाने अर्ज हातातही घेतला नाही. "वरून मंजुरी आली की बघू," म्हणाला. तीन वेळा तेच. हे का होत होतं, ते मला आता कळतं. १९८८ साली हमीची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली, ती वाढ न्याय्यच होती, पण त्यानंतर कामं उघडताना सरकारी यंत्रणा हात आखडता घेऊ लागली. कायदा होता तसाच राहिला आणि दाराशी माणूस अडवला जाऊ लागला.

चौथ्या वेळी तुम्ही बरोबर आलात. सुती साडी, खांद्याला शबनम, पायात टाचेला शिवलेल्या चपला. तुम्ही आवाज चढवला नाहीत. बायकांना व्हरांड्यात बसवलंत, सगळ्यांचे अर्ज दोन-दोन प्रतींत करून घेतलेत आणि म्हणालात, "पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. पोच मिळाली की त्या तारखेपासून पंधरा दिवस मोजायचे, मग बोलायचं काम आपलं." सकाळी अकरापासून बसलेल्या त्या बायका साडेचारला सही-शिक्क्याचा कागद घेऊन उठल्या. मी आईच्या मांडीवर होते. तो निळा शिक्का अजून ओला होता आणि आईने त्यावर फुंकर घातली, हे मला लख्ख आठवतं.

बाराव्या दिवशी काम सुरू झालं. जुन्या पाझर तलावातला गाळ काढायचं. तोच तलाव, ज्याच्या भरावावर आजीनं बहात्तरला पाट्या टाकल्या होत्या. त्याच्या खालच्या अंगाला आमची विहीर आहे आणि डाळिंबाची दीडशे झाडं. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागा लावायला मदत मिळू लागली, तिच्यातूनच ती पहिल्यांदा लागली. माझ्या शिक्षणाचा खर्च त्या झाडांनी केला. म्हणून कोणी म्हणालं की हमीच्या कामांनी नुसते खड्डे खणले आणि बुजवले, तर मी वाद घालते. खोटी हजेरी लावणारे होते, मला माहीत आहे. मेलेल्या माणसांची नावं मस्टरवर चढवणारेही होते. पण तीही लबाडी उघड करायला मजूरच पुढे आले आणि त्यांच्यामागे तुम्ही उभे राहिलात.

२००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा समोर महाराष्ट्राचा धडा होता. बिहारमधली, झारखंडमधली एखादी बाई काम मागायला गेली असेल तर तिच्या मागणीत माणच्या खडीवरच्या बायकांचाही आवाज आहे, असं मी मानते.

आभार कशाकशाचे मानू? झोळीतल्या पोराला सावली मागितल्याबद्दल, कारण ते पोर म्हणजे माझे वडील. मापावर नजर ठेवायला शिकवल्याबद्दल. अर्ज दोन प्रतींत करायला लावल्याबद्दल. पुण्यात भाड्याच्या घराची अनामत परत मिळेना, तेव्हा मीही दोन प्रतींत पत्र दिलं आणि पोच घेऊनच उठले.

आजी २०१९ साली गेली. तिचा हातोडा आमच्या माजघरातल्या कोनाड्यात आहे. दांडा दोनदा बदललाय, लोखंड तेच. या फेब्रुवारीत ३०० रुपये कापले गेले तेव्हा मी घरी फोन केला आणि वडिलांना म्हटलं, हातोड्याला जरा तेल लावून ठेवा. ते म्हणाले, "कालच लावलं."

तुमची ऋणी,
बहात्तरच्या खडीवरच्या एका बाईची नात