छत्रीपर्यंत बाबांना नेणाऱ्या मावशींना

आदरणीय मावशी,
सप्रेम नमस्कार.

फोनवर मी आभार मानायला लागले की तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. ब्रायटनच्या पॅचम उपनगरामागच्या टेकडीवर पहिल्या महायुद्धातल्या आपल्या सैनिकांचं 'छत्री' नावाचं स्मारक आहे, हे इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं राहणाऱ्या कितीतरी मराठी माणसांना माहीत नाही. निदान या निमित्ताने त्यांच्या कानावर जाईल.

बाबा बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलाचे. खडकीच्या सेंटरमध्ये भरती, ७१ च्या लढाईत सुरुंग काढायचं काम, आणि सुभेदार म्हणून निवृत्ती. न्यूव्ह शापेल हे फ्रान्समधलं गाव त्यांना तेव्हापासून पाठ आहे. २८ ऑक्टोबर १९१४ ला सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या ४७ शीख पलटणीबरोबर त्या गावात घुसल्या. घराघरांतून संगिनींनी लढल्या, आणि त्यांची फार माणसं पडली. खंदक खणायला, पूल बांधायला शिकवलेली ही माणसं, त्या दिवशी पायदळासारखी पुढे गेली. पण तिथून जखमी होऊन निघालेल्यांचं पुढे काय झालं, हे बाबांना कोणी कधी सांगितलं नव्हतं. ते तुम्ही सांगितलंत.

मावशी, तुम्ही आयुष्यभर इथल्या दवाखान्यांत नर्सिंग केलंत, त्यामुळे तुमचं सांगणंही तसंच होतं. लढाईपेक्षा वॉर्डांबद्दल जास्त. पहिल्या महायुद्धात १२,००० हून अधिक हिंदी सैनिक ब्रायटनच्या इस्पितळांत राहून गेले. राजवाड्यात, म्हणजे रॉयल पॅव्हिलियनमध्ये आणि शेजारच्या डोममध्ये, झुंबरांखाली खाटा मांडल्या होत्या. धर्म आणि जातींप्रमाणे नऊ वेगळी स्वयंपाकघरं होती, हिंदू आणि मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे, पाट्या उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत. बाबा खूश होऊन ऐकत होते. मग तुम्ही दुसरी बाजूही सांगितलीत, आणि मला वाटतं बाबांचा तुमच्यावर खरा विश्वास तिथे बसला. त्या थाटाच्या राजवाड्याचे फोटो सरकारने हिंदुस्थानात दाखवायला वापरले. गावातल्याच किचनर इस्पितळात मात्र कुंपण आणि पहारा होता, आणि जखमींना मोकळेपणी बाहेर पडता येत नव्हतं. घरी लिहिलेली पत्रं सेन्सॉरच्या हातातून जायची. बरे झालेल्यांपैकी अनेकांना परत आघाडीवर धाडलं गेलं. माजी सैनिकासमोर गोड गोडच बोलावं असं बऱ्याच जणांना वाटतं. तुम्ही तसं केलं नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार.

जे वाचले नाहीत, त्यांतल्या मुसलमान सैनिकांना वोकिंगच्या मशिदीजवळ दफन केलं. हिंदू आणि शीख मिळून ५३ जणांना पॅचमच्या टेकडीवर अग्नी दिला. बाबांनी लगेच विचारलं, "मंत्र कुणी म्हटले? अस्थी कुठे सोडल्या?" आमच्या घरी मृत्यूनंतर पहिले प्रश्न हेच असतात. तुम्ही सांगितलंत की बरोबरचेच धर्मबंधू वर जात, विधी तेच करत, आणि राख समुद्रात सोडली जाई. बाबांनी दोनदा मान हलवली. त्यानंतर वर जायचं की नाही, हा प्रश्नच उरला नाही.

खरी अडचण वाटेची होती. छत्रीपर्यंत डांबरी रस्ता नाही. बायपास ओलांडला की घोड्यांची आणि पायी चालणाऱ्यांची वाट चढत जाते, दोन्ही बाजूंना कुरणं, मेंढ्या, आणि वारा अंगावर येणारा. बाबांचे गुडघे गेलेले, तुमचेही गेलेले. तरी तुम्ही घडीची खुर्ची खांद्याला अडकवून आलात. बाबांना कुणी धरलेलं चालत नाही, हे तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत ओळखलंत. दर थोड्या अंतराने "मला दम लागला" म्हणून तुम्हीच थांबत होतात. खुर्ची मात्र त्यांच्यापुढे उघडत होतात. मला ते वाटेतच कळलं होतं. बाबांना कळलं की नाही, मी विचारलेलं नाही.

वर पोचल्यावर बाबा आधी छत्रीकडे न जाता तिच्या पायाशी असलेल्या ग्रॅनाइटच्या तीन शिळांकडे गेले. चितेचे चौथरे तिथेच होते, हे तुम्ही खालीच सांगून ठेवलं होतंत. छत्री म्हणजे आठ खांबांवर पेललेला पांढऱ्या संगमरवराचा घुमट. आपल्याकडे राजे-सरदारांच्या दहनाच्या जागी छत्र्या उभ्या राहतात. इथे ती शिपायांसाठी उभी आहे, आणि तिचं रेखाटन मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाने केलं. कल्पना भारतीय वैद्यकीय सेवेतल्या लेफ्टनंट दास गुप्तांची. ती नेटाने पुढे नेली ब्रायटनचे त्यावेळचे महापौर जॉन ऑटर यांनी. १ फेब्रुवारी १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते अनावरण झालं. या कथेत राजपुत्राचं नाव सगळीकडे येतं, दास गुप्तांचं क्वचित. मला ते उलट व्हायला हवं असं वाटतं.

त्यानंतर ती पडूनच राहिली होती, हे तुम्ही सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात त्या भागात सैन्याचा सराव चालायचा आणि छत्रीवर गोळ्यांच्या खुणा पडल्या. १९५१ पासून रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेची मंडळी दरवर्षी वर जाऊ लागली. १९९९ नंतर म्हातारपणामुळे त्यांनी थांबायचं ठरवलं, तेव्हा ब्रायटनमधल्याच एका शीख शिक्षकांनी ते काम उचललं. आज दर जूनमधल्या स्मरणसभेला तिथे गर्दी होते ती यांच्यामुळे. तुम्ही त्यात इतकी वर्षं चहाचे थर्मास उचलताय, खुर्च्या मांडताय, नवख्यांना वाट दाखवताय, आणि यातलं काही तुमच्या तोंडून येत नाही. त्या दिवशी वाटेत भेटलेल्या पॅचमच्या बाईंनी मला सांगितलं.

छत्रीवर नावं नाहीत. ५३ नावांची भिंत तिच्याशेजारी उभी राहिली ती २०१० साली, म्हणजे जवळपास शंभर वर्षांनी. तिथे तुम्ही जे केलंत त्यासाठी खरं तर हे सगळं पत्र आहे. बाबांचा चष्मा गाडीत राहिला होता. "फोटो काढून घेऊ, घरी वाचू," असं मी म्हणत होते. तुम्ही भिंतीपुढे उभं राहून पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकेक नाव मोठ्याने वाचलंत, हुद्दा आणि पलटणीसकट, कुठलाही उच्चार न उरकता. मधे एक कुत्रा घेऊन आलेलं जोडपं थांबलं आणि शेवटपर्यंत थांबूनच राहिलं. बाबा सावधानमध्ये उभे होते. खुर्ची मागे तशीच होती.

घरी परतल्यावर साताऱ्याच्या माजी सैनिकांच्या बैठकीत बाबांनी हे सगळं सांगितलं. बादशहासाठी मेलेल्यांचं आपण काय करायचं, असं एकाने विचारलं. बाबा म्हणाले, "हुकूम कुणाचाही असू दे, दहन झालं त्या जागी कुणीतरी जायला पाहिजे." त्यावर बराच वेळ चर्चा चालली म्हणे, आणि दोघा जणांनी पत्ता मागून घेतला. एकाचा मुलगा रेडिंगला आहे. तो जूनमध्ये तुम्हाला फोन करील, तुमचा नंबर त्याला दिला तर चालेल ना?

बाबांनी तुमच्यासाठी कंदी पेढे पाठवले आहेत, ते पुढच्या आठवड्यात घेऊन येते. आणि गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की आधी मला कळवा. त्या वेळी रजा काढून मी तुमच्याकडे राहायला येणार आहे, त्याबद्दल वाद घालू नका.

तुमची,
सॅपर सुभेदारांची मुलगी