समूह शाळा आणि वाडीवरची मुले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार राज्य शासनाने २०२३ मध्ये मांडला, तेव्हा तोरणमाळ आणि पानशेत येथील प्रयोगांचे दाखले देण्यात आले. मुलांना पुरेसे शिक्षक, ग्रंथालय आणि सवंगडी मिळावेत, हा हेतू मला मान्य आहे. द्विशिक्षकी शाळेत नोकरी केल्यामुळे, सोबतचे शिक्षक बैठकीला गेले की त्या दिवशी चार इयत्तांचे काय होते, हे मी जाणते. तथापि शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांतील पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत असावी, ही मर्यादा उगाच घातलेली नाही. डोंगराळ भागात ओढा भरला की वाडीचा रस्ताच तुटतो, गाडी आली नाही की सहा वर्षांचे मूल घरी राहते, आणि असे खाडे वाढले की सर्वांत आधी मुलींची शाळा सुटते. म्हणून वाहनाची हमी, त्यासाठीची आर्थिक तरतूद आणि मूल शाळेत न पोहोचल्यास जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरल्याशिवाय व ग्रामसभेत पालकांचे ऐकल्याशिवाय एकाही वाडीची शाळा बंद करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिली-दुसरीचे वर्ग तर वाडीवरच राहू द्यावेत.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका