विषय : ११२ दिवसांच्या नोंदी पुसल्या गेल्याबाबत आणि आपल्या प्रतिनिधींच्या उत्तराबाबत

ग्राहक सेवा विभाग प्रमुख यांस,

आज दुपारी आपल्या प्रतिनिधींशी चौथ्यांदा बोलले आणि फोन ठेवताच हे पत्र लिहायला बसले. आपल्या आरोग्य ॲपच्या ९ ऑगस्टच्या अपडेटनंतर माझी ११२ दिवसांची स्ट्रीक, म्हणजे खंड न पडता झालेल्या दिवसांची सलग मोजणी, शून्यावर आली आणि वजनकाट्यावरून ॲपमध्ये गेलेल्या वजनाच्या सर्व नोंदी नाहीशा झाल्या. त्याच रात्री दहा वाजता, दिवसभरात आठ हजारांवर पावले झालेली असताना, "आजच पहिले पाऊल उचला" असा संदेश मला आला.

गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणारी एचबीए१सी चाचणी ६.२, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आल्यावर डॉक्टरांनी सात टक्के वजन उतरवायला सांगितले होते, म्हणजे ८४ किलोंवरून ७८. मी ७९.४ पर्यंत आले होते. मे महिन्यात सासूबाई रुग्णालयात होत्या, तेव्हा त्यांच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात मी रात्री अकरापर्यंत फेऱ्या मारल्या, कारण स्ट्रीकचा आकडा तुटू द्यायचा नव्हता.

आजच्या फोनवर, नोंदी कधी परत मिळतील, एवढेच मी विचारले. "मॅडम, सिस्टिममध्ये काही दिसत नाही, म्हणजे तुम्ही नोंदी केल्याच नसतील," असे उत्तर मिळाले. स्क्रीनशॉट तीनदा पाठवल्याचे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "बरेच जण मध्येच सोडतात आणि मग आम्हाला फोन करतात. मन लावून पुन्हा सुरू करा, नाहीतर प्रीमियम घ्या, त्यात प्रशिक्षक मिळतो." मी एप्रिलपासून प्रीमियमचीच वार्षिक सदस्य आहे. हे सांगताच मला थांबवून ठेवले गेले आणि अकरा मिनिटांनी फोन कट झाला. मी मध्येच सोडले, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

आपल्या जाहिरातीत अमेरिकेतील २००२च्या ज्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासाचा दाखला आहे, त्यात सात टक्क्यांच्या उद्दिष्टासोबत आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम होता आणि सोळा सत्रांत प्रशिक्षक माणसासमोर बसून त्याची अडचण ऐकत होता. माझ्या प्रशिक्षकांचा गेल्या पाच आठवड्यांत एकही संदेश नाही. राहिला होता तो फक्त आकडा, आणि तोही आपल्याला जपता आला नाही.

माझ्या शब्दाखातर धाकट्या बहिणीनेही सदस्यत्व घेतले. तिच्या नोंदी वहीत उतरवून ठेवायला मी तिला कालच सांगितले, आणि ते सांगताना मला फार वाईट वाटले.

पहाटे काट्यावर दिसलेले वजन मी स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेच्या चौकटीत पेन्सिलने लिहीत असे. त्या पाच पानांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. त्यांवरून माझ्या नोंदी पंधरा दिवसांत पूर्ववत कराव्यात आणि प्रतिनिधींच्या विधानाबद्दल लेखी दिलगिरी कळवावी. ते जमत नसेल तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करावेत, अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपली सदस्य,
नाशिक