बाबा, पेटी कुणाला देऊ नका

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

व्हॉट्सॲपवर पाठवतेय पण हे पत्रच आहे, तेव्हा बाबा, चष्मा लावून निवांत बसा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

परवा खंडेनवमीला व्हिडीओ कॉल लावला तेव्हा तुम्ही पाटावर हत्यारं मांडली होती. रंधा, दोन्ही पटाश्या, करवत, कानस, ते गिरमिट ज्याची मूठ तुम्ही स्वतः बदललीय, सगळ्यांना हळदकुंकू आणि वर झेंडू. रेवा एकेकाचं नाव विचारत होती, तुम्ही सांगत होता, आणि मग तुम्ही सहज बोलल्यासारखं म्हणालात की यंदाची पूजा झाली की हत्यारांची पेटी कुणालातरी देऊन टाकतो, हात थरथरतात, करवत रेषेवर राहत नाही, आता ठेवून काय करायचं. आई मागे उभी होती, ती काहीच बोलली नाही. मीही काहीतरी "बरं बरं" करून विषय बदलला कारण मला त्या क्षणी सुचलंच नाही. रात्री झोप लागेना. तर जे तेव्हा बोलायचं होतं ते आता लिहितेय. बाबा, पेटी कुणाला देऊ नका. आणि या दिवाळीला आठ दिवस आधी पुण्याला या, दोघंही, पेटी घेऊन.

मागच्या वर्षीचा कंदील आठवतोय ना? तुम्हाला फोनवर अर्धंच सांगितलं होतं, आज सगळं सांगते. ईशानने हट्ट धरला की विकतचा नको, तुझ्या लहानपणी आजोबा करायचे तसा चौकोन-त्रिकोणांचा करायचा. म्हणून मी आणि तो बुरुड आळीत जाऊन बांबूच्या कामट्या आणल्या, बारा बारा इंचांच्या चोवीस कापल्या, तासल्या, माझ्या अंगठ्यात कूस गेली ती दुसऱ्या दिवशी निघाली. सहा चौकोन बांधले. मग एका चौकोनाचं टोक दुसऱ्याच्या टोकाला असं करत सगळे जोडले, मधे आपोआप आठ त्रिकोण तयार झाले, ते बघून ईशान नाचायलाच लागला. आणि उचलून हुकला लावायला गेलो तर सगळा सांगाडा पिळवटून एका बाजूला बसला. परत सरळ केला, परत बसला. गाठी घट्ट केल्या, दोरा बदलला, फेविकॉल लावून रात्रभर ठेवला, सकाळी तेच. ईशान रडवेला झाला होता, सुहास म्हणाला जाऊ दे आपण लक्ष्मी रोडवरून एक घेऊन येऊ.

तेव्हा तुम्हाला फोन केला. तुम्ही सांगाडा बघितलाही नव्हता, नुसतं ऐकून विचारलंत, चौकोनात आडवी काडी घातलीस का? नाही म्हटलं. मग तुम्ही ईशानला फोन द्यायला लावलात आणि त्याला म्हणालात, चार काड्यांचा चौकोन बांधून हातात धर आणि दाब, तो पडतो, आता तीन काड्यांचा त्रिकोण दाब. त्याने लगेच करून बघितलं. चौकोन झोपला, त्रिकोण हलेना. "म्हणून छपराची कैची त्रिकोणाची असते आणि सायकलची फ्रेमपण," तुम्ही म्हणालात, "सहाही चौकोनांत कोपऱ्यातून कोपऱ्यात एकेक काडी घाल, आणि वरच्या काडीलाच होल्डर बांध." ईशानने पट्टीने मोजलं, आडवी काडी सतरा इंच भरली. सहा काड्या घातल्या आणि तो सांगाडा असा उभा राहिला की रेवा त्याच्यावर हात टेकून उभी राहायला बघत होती.

यंदा तो सातवीत गेलाय, पायथागोरसचा सिद्धांत आला गणितात. बाराचा वर्ग अधिक बाराचा वर्ग दोनशे अठ्ठ्याऐंशी, त्याचं वर्गमूळ जवळजवळ सतरा, हे वहीत काढून तो धावत स्वयंपाकघरात आला, "आई ही आजोबांची काडी आहे!" त्याच्या वहीत त्या आकृतीशेजारी त्याने पेन्सिलने कंदील काढलाय, आलात की दाखवेल.

आता मला सांगा बाबा, त्या कंदिलाला तुमचा हात कुठे लागला होता? तुम्ही कराडला खुर्चीत बसून होता, आणि कंदील इथे उभा राहिला. रेषेवर करवत ठेवायला ईशानचे हात आहेत, माझे आहेत. रेष कुठे मारायची ते आम्हाला कळत नाही. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही इतकी वर्षं काढलीत, कितीतरी नवीन पोरं तुमच्या हाताखाली तयार झाली, त्यांच्या हातांनीच तर काम व्हायचं ना, तुम्ही शेजारी उभे असायचात. तेच इथे पाहिजे.

कागद लावण्याचं मात्र आम्हाला नीट जमलं, आईने सांगितलेल्या खळीमुळे. मैदा आधी गार पाण्यात कालवून मग गॅसवर, सारखं ढवळत, काचेसारखी दिसेपर्यंत. आई, तू मोरचूद घालायचीस म्हणजे किडे लागत नाहीत, पण ते विषारी असतं आणि रेवा अजून बोटं तोंडात घालते म्हणून मी नाही घातलं, लागेल तेवढीच केली आणि उरलेली वाटी फ्रिजमध्ये ठेवली. पतंगी कागदच आणला होता, लाल आणि पिवळा, झिरमिळ्या पांढऱ्या. लहानपणी आपल्या कंदिलात चाळीसचा बल्ब असायचा आणि तुम्ही दर थोड्या वेळाने येऊन कागद तापलाय का बघायचात ते मला आठवतं. आता नऊ वॅटचा एलईडी लावला, उजेड त्याहून जास्त आणि तो तेवढा तापत नाही, तरी मी दोनतीनदा हात लावून बघितलाच.

आता आई तुझ्याबद्दल. मे महिन्यात मुलं तुझ्याकडे होती तेव्हाची ती गोधडी. ट्रंकेतून आज्जीची लुगडी काढून तू अंथरलीस, चार पदर, सुती तेवढीच घेतलीस, माझी ती गुळगुळीत साडी बाजूला काढलीस की ही आत सरकते आणि अंगाचा घामही टिपत नाही. चारी बाजूंनी डबे ठेवून कापड ताणलंस, आधी लांब कच्चे टाके घातलेस म्हणजे थर हलत नाहीत, आणि मग काठापासून आत आत, एकेक बोटाच्या अंतरावर. मला आठवतंय तू सुई उजेडाकडे धरून दोरा ओवायला बघत होतीस, एकदा, दोनदा, तीनदा, डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूमुळे दोरा नेमका भोकाच्या शेजारून जायचा, तू दोऱ्याचं टोक ओठात ओलं करायचीस आणि परत धरायचीस. तू काही बोलली नाहीस, पण सुई खाली ठेवलीस तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला.

आणि रेवाने काय केलं तर डब्यातल्या सगळ्या सुया काढल्या, एकेक ओवली, गाठ मारली, आणि उशीच्या अभ्र्यावर ओळीने टोचून ठेवल्या, बारा सुया. "आज्जी, संपली की सांग मी परत ओवते." त्या दुपारी तू अडीच तास सलग शिवलंस. टाके तुला बघावे लागतच नव्हते, बोटांनाच कळत होते, डावा हात खालून कापड चाचपायचा आणि उजवा टाका घ्यायचा. मी शेजारी बसून घातलेले टाके लांबडे आणि वाकडे आलेत, ते अजून त्यात आहेत, उसवू नकोस.

ती गोधडी अर्धी राहिलीय ना ट्रंकेत? ती घेऊन ये. तुझे गुडघे दुखतात म्हणून खाली बसायचं नाही, आतल्या खोलीतल्या लोखंडी कॉटवर ती अख्खी पसरते, मी माप घेऊन बघितलंय. खिडकी पूर्वेची आहे, सकाळी दहापर्यंत चांगला उजेड असतो. गोधडीचा जाड दोरा मी रविवार पेठेतून आणून ठेवलाय, पांढरा आणि लाल, आणि बोटात घालायची ती पत्र्याची टोपीपण. उरलेली गोधडी मला तुझ्याकडून शिकायची आहे, कोपरा कसा वळवायचा ते मी मेमध्ये बघितलं पण माझ्या हातून होत नाहीये, घरी दोन जुने पंचे घेऊन प्रयत्न केला, कोपऱ्यात सगळं गोळा होतं.

किल्ल्याचं ईशान फोनवर सांगेलच. मागच्या वर्षी सोसायटीत माती आणू दिली नव्हती, पार्किंगची फरशी खराब होते म्हणून, मुलं फार हिरमुसली होती, मलाही वाईट वाटलं कारण पुण्यात दिवाळीला किल्ला नाही म्हणजे काय. यंदा खाली जाड प्लॅस्टिक अंथरायचं आणि नंतर सगळं मुलांनी साफ करायचं या अटीवर परवानगी मिळालीय. पावसाळ्यात तो सुहासबरोबर राजगडावर जाऊन आला, तेव्हापासून त्याला रायगडाच्या आधीची ही राजधानीच करायचीय, तिन्ही माच्या आणि वर बालेकिल्ला. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी कशाची करायची यावर घरात रोज चर्चा चालू आहे, पुठ्ठा ओला होऊन बसतो आणि नुसती माती एवढी पातळ उभी राहत नाही. मी म्हटलं आजोबांना विचारू. विटांवर पोतं अंथरून त्यावर चिखल लावायचा हे मला आठवतंय, अळीव आणि मोहरीही आणून ठेवलीय, ती चारपाच दिवस आधी टाकायला लागते म्हणूनसुद्धा तुम्ही लवकर यायला हवं. मावळे आपण कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणू, सगळे मिळून जाऊ.

अजून एक सांगायचंय. गणपतीच्या सुट्टीत मुलांना राजा केळकर म्युझियममध्ये नेलं होतं. बाबा, तुम्ही तिथे गेला नाहीत कधी, मी या वेळी नक्की नेणार. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, लोकांच्या रोजच्या वापरातल्या, अडकित्ते, दिवे, दारं, भांडी, आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहालयाला दिलं. १९७५ मध्ये तो सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. एका माणसाने हे उभं केलं यावर विश्वास बसत नाही. अडकित्त्यांपुढे मुलं कितीतरी वेळ उभी होती, एकासारखा दुसरा नाही. तिथे ईशानने मला हळूच विचारलं, आजोबांची पेटीपण अशी काचेत ठेवतील का? मी म्हटलं नाही रे, तिला अजून काम आहे. त्याला मी शब्द दिलाय बाबा, म्हणून पण तुम्ही पेटी देऊ नका.

काम काय ते सांगते. देवघरातला पाट आठवतो, आज्जीचा, त्याची एक पट्टी सुटलीय आणि पृष्ठभाग खरखरीत झालाय. एका माणसाला दाखवला तर तो म्हणाला फेकून द्या, नवीन घ्या. लाकूड सागवान आहे, तुम्हीच सांगितलं होतंत. त्याला रंधा मारायचाय, पट्टी बसवायचीय, पॉलिश पेपर मारून तेल द्यायचंय, आणि लक्ष्मीपूजनाला तोच मांडायचाय. रंध्याचं पातं झिजलंय असं तुम्ही म्हणत होता, तर रविवारी सकाळी जुन्या बाजारात जाऊ, तिथे जुनी पोलादी पाती मिळतात, निवडायला तुमचीच नजर लागेल. धार लावायचा दगड पेटीत आहे ना? तो विसरू नका.

शनिवारी सुहास गाडी घेऊन कराडला येतोय. कोयनेने येतो म्हणू नका, पेटी आणि गोधडीचं गाठोडं घेऊन स्टेशनचे जिने चढायचे नाहीत. सकाळी लवकर निघाला की दहाच्या आत पोचेल, जेवून निघा, खंबाटकीत ट्रॅफिक लागलं तरी संध्याकाळपर्यंत घरी याल. गोळ्या महिन्याच्या घ्या, बाबांच्या बीपीच्या आणि आईचे डोळ्यांचे थेंब, चिठ्ठीपण घ्या म्हणजे इथे कमी पडल्या तर आणता येतील. बाथरूममध्ये पकडायला दांडी बसवून घेतलीय, लिफ्ट आता नीट चालते. भाऊबीज झाल्यावर लगेच परत जायची घाई करू नका, तुळशीच्या लग्नापर्यंत राहा.

आईला म्हणावं चकलीची भाजणी आणू नकोस, मी केलीय. तिळाची चटणी मात्र आण.

तुमची,
मनू

ता.क. रेवा विचारतेय, आज्जीच्या हिरव्या लुगड्याचा काठ गोधडीच्या कुठल्या बाजूला येणार, डोक्याकडे की पायाकडे? तिला तो डोक्याकडे हवाय. आणि बाबा, ईशानने त्याच्या कपाटातला खालचा खण रिकामा केलाय, पेटीची लांबी-रुंदी मोजून कळवा म्हणाला.