काकींच्या शेवंतीला कळ्या नाहीत

मंगळवार पेठ, कोल्हापूर

बंड्या,

काकींच्या शेवंतीला यंदा कळ्या धरल्या नाहीत. दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली आणि झाड नुसतं वाढालंय. कमरेपर्यंत आलंय, हिरवंगार, रोग नाही, मावा नाही, पण कळी नाही. म्हणजे आहेत, एका बाजूला आहेत, आणि तीच तर खरी गोष्ट आहे जी फोनवर सांगून तुझ्या डोक्यात शिरणार नाही म्हणून एवढं टाईप करत बसलोय. घरात सांगितलं तर म्हणतात, फुलंच पाहिजेत नव्हं, महाद्वारातनं किलोभर आण की. आता ह्यांना काय सांगायचं? तुला कळंल.

तब्येती सगळ्यांच्या बऱ्या. आईचे गुडघे आहेत तसेच, माझी शुगर गोळीवर चालू आहे. झालं.

तर ऐक. परड्यात हौदाला लागून ते बेट आहे ना, काकींनी वाडा सोडायच्या आधी स्वतःच्या हातानं काश्या (बुडातनं फुटलेले कोंब) काढून आणून लावलेलं, तेच. देशी, पिवळं, बारीक फूल, वासाचं. बाजारात आता ती मोठ्या फुलांची शेवंती असते, दिसायला झकास पण नाकाला लावली तर काही नाही. काकींच्या शेवंतीचं पान चुरगाळलं तरी बोटांना दुपारपर्यंत वास राहतो. तुमच्या वाड्याच्या जागी आता पार्किंग आहे, म्हणजे त्या जातीचं जे काही उरलंय ते आमच्या परड्यातच. (वाडा विकलास तेव्हा मी किती महिने बोललो नव्हतो ते आठवतंय ना? माझं मत अजून तेच आहे. पण ते परत उकरत नाही, दिवाळीचे दिवस आहेत.)

पावसाळ्याच्या तोंडाला बोळातल्या खांबावर नवीन एलईडी लागला. जुना पिवळा दिवा लागला तर लागला, त्याचा उजेड खांबाच्या बुडाशीच पडायचा. हा पांढरा लख्ख, भिंतीवरनं थेट आमच्या परड्यात. रात्री तिथं बसून तांदूळ निवडता येतील. तेव्हा वाटलं बरं झालं, विंचूकाटा दिसंल. शेवंतीचा आणि दिव्याचा काही संबंध असंल असं कुणाच्या डोक्यात येणार?

परवा शेती कॉलेजची आमची भाची आली होती. ती हौदाच्या मागं वाकली आणि म्हणाली, मामा इकडं बघा. हौदाच्या आड ज्या फांद्या गेल्यात, जिथं दिव्याची सावली पडते, तिथं प्रत्येक शेंड्याला ज्वारीच्या दाण्याएवढ्या हिरव्या कळ्या! चार-चार, पाच-पाच, घट्ट मिटलेल्या. आणि त्याच बुडख्यातनं आलेल्या ज्या फांद्या दिव्याकडं तोंड करून आहेत त्यांना नुसती पानं. बेट एक, मुळं एक, पाणी एक, शेणखत एक, आणि मधोमध रेघ मारल्यासारखी अर्धी कळ्यांची, अर्धी रिकामी. मी रात्री परत बॅटरी न घेता जाऊन बघितलं, सावलीची कड बरोब्बर तिथंच पडते.

तिचं म्हणणं असं की शेवंतीला कळी धरायला सलग मोठी रात्र लागते. आपल्याकडं जूनमध्ये दिवस १३ तासांच्या जरा वर असतो, डिसेंबरात ११ च्या आसपास येतो, आणि नवरात्राच्या आगेमागे रात्र दिवसापेक्षा मोठी व्हायला लागली की झाडाला कळतं आता फुलायचं. मधे उजेड आला की झाडाच्या हिशेबी ती रात्र झालीच नाही, त्याला वाटतं अजून उन्हाळाच चाललाय, मग ते वाढत बसतं. पॉलिहाऊसवाले ह्याच जोरावर वर्षभर शेवंती काढतात म्हणे, फूल लांबवायचं असंल तर रात्री बल्ब लावतात आणि लवकर पाहिजे असंल तर संध्याकाळी काळं कापड ओढतात. आणि शेजारचाच झेंडू बघ, तो त्याच दिव्याखाली दसऱ्याला असा फुलला की दाराचं तोरण, गाड्यांचे हार सगळं घरचं झालं. त्याचं उजेडावर एवढं अडत नाही. म्हणून तर मला संशय आला नाही.

काकी नागपंचमीपर्यंत शेंडे खुडायच्या आणि मग हात लावू द्यायच्या नाहीत, आठवतंय? तू एकदा ऐन गणपतीत शहाणपणा करून सगळे शेंडे खुडलेस, दिवाळीला फूल नाही, आणि खापर माझ्यावर फोडलंस. मी मार खाल्ला लेका तुझ्यासाठी! भाचीला विचारून घेतलंय, उशिरा खुडलं की कळी उशिरा येतेच. निकाल लागला, आता काकींच्या फोटोसमोर कबूल हो.

पण माझा खरा घोर पुढचा आहे. दिवा काढा असं मी म्हणू शकत नाही आणि म्हणणार पण नाही. क्लासवरनं पोरी रात्री येतात, पलीकडच्या आज्जी त्या अंधारात पडल्या होत्या, बोळाला उजेड पाहिजेच. दादा म्हणतो कुंड्यांत लाव, मागं नेऊन ठेव, विषय संपव. कुंडीत थोडं लावणारच आहे, पण ते बेट काकींनी जिथं लावलं तिथनं उपटायला माझा हात होत नाही. आणि आता ह्या ऑक्टोबरच्या उन्हात भरल्या झाडाची मुळं हलवली तर मान टाकंल. दुपारी अंगाची लाही होतीय, सकाळी दिलेलं पाणी चारपर्यंत पुरत नाही.

मग बांबू रोवून दिव्याच्या बाजूनं आडोसा उभा केलाय. प्लॅस्टिक नको म्हणाली भाची, आत कोंडतं, उष्णतेनं पण कळी मागं पडते आणि ओल धरली की पानांवर काळे डाग येतात. म्हणून जुन्या छत्र्यांचं काळं कापड, दुहेरी शिवून. एक बाजू उघडी, वारा खेळता. दिवस आता तसाही लहान आहे, त्यामुळं दिवा लागायच्या वेळेला ओढायचं आणि सकाळी विझला की सरकवायचं, एवढंच. पाणी फक्त सकाळी, बुडात. संध्याकाळी मी कुठं बाहेर असलो तर आई काठी टेकत जाऊन ओढते, तिला सांगावं लागत नाही.

एक रात्र पण चुकवायची नाही. आता कुठं अंधार मिळाला, म्हणजे फूल हातात यायला दीड-दोन महिने धर. म्हणजे दिवाळी हुकलीच. पाडव्याला काकींच्या फोटोला हौदामागची निघाली तर निघाली. पण मार्गशीर्षातला एखादा गुरुवार नक्की गाठंल. काकी गुरुवारी घटाला वेणी करायच्या, पहिली वेणी आमच्या आईला द्यायच्या, मग घरात. त्या गुरुवारासाठी चाललंय हे सगळं. आणि नाहीच झालं तर? एका जागी एकच बेट, एखादी मर आली, हुमणी लागली, की संपलं. ह्या विचारानं झोप लागत नाही बघ.

म्हणून तू पण ठेवायचीस. फुलं होऊन गेली की बुडापासनं छाटणार, फेब्रुवारीत काश्या फुटल्या की मुळांसकट ओल्या गोणपाटात बांधून पाठवतो. तुमच्या चेन्नईत रात्री पण गार होत नाही, फूल उशिरा येणार, कमी येणार, ते मला माहीत आहे. आणि ऐन कळीच्या दिवसांत तुमचा पाऊस. कुंडीच्या बुडाला खापऱ्या घाल, मातीत वाळू जास्त, कुंडी विटांवर उचलून ठेव, पाणी साचलं की शेवंती कुजलीच. फूल नाही आलं तरी चालंल, जात जिवंत राहिली पाहिजे. कोयंबेडूतनं रोप आणून हीच काकींची म्हणून फोटो टाकलास तर वासावरनं पकडीन, येऊन.

प्रमोशनचं वहिनींकडनं कळलं, अभिनंदन. पोराची बारावी ना यंदा? त्याला म्हणावं जेवत जा. सांबारात तांबडा रस्सा शोधायचा बंद झालास का अजून चालू आहे?

पत्ता पिनकोडसकट पाठव, मागच्या वेळी चकल्यांचा डबा फिरून परत आला होता. आणि आज रात्री जेवण झालं की गच्चीवर जाऊन बघून ये, पाण्याच्या टाकीपाशी रात्रभर कुठला लाईट चालू असतो का ते. मग कुंड्या कुठल्या कोपऱ्यात ठेवायच्या ते ठरवू.

तुझाच,
हौदापलीकडचा