स्टेरॉइडच्या आधी स्लाइड

संपादक महोदय,

सप्टेंबर आला की बालकर्करोगाच्या सोनेरी फिती दिसतात. उपचारांवर लेख येतात. निदान कुठे अडतं त्यावर फारसं कुणी लिहीत नाही. माझी नोकरी तालुक्याच्या गावी लॅब टेक्निशियन म्हणून झाली, म्हणून हे पत्र.

मूल फिकट पडलंय, ताप हटत नाही, पाय दुखतात म्हणून रात्री रडतं. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, होते, यंत्र आकडे छापतं आणि रिपोर्ट हातात पडतो. पण ब्लास्ट, म्हणजे कच्च्या पांढऱ्या पेशी, यंत्र कित्येकदा लिम्फोसाइटमध्ये, म्हणजे साध्या पांढऱ्या पेशींच्या एका प्रकारात, धरतं. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, पांढऱ्या पेशी वाढलेल्याच असतात असंही नाही. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट दोन्ही खाली असतील तर रक्ताची काच, म्हणजे स्लाइड, लिश्मन स्टेनने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहिलीच पाहिजे. खर्च नगण्य, आळस मात्र फार.

खरा घोळ स्टेरॉइडने होतो. एका ऊसतोड कामगाराच्या मुलाला सांधेदुखी समजून कुठेतरी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं होतं. ताप गेला, पोर खेळायला लागलं, घरचे खूश. काही आठवड्यांत ते पुन्हा पांढरंफटक, आणि स्लाइडवर ब्लास्टच ब्लास्ट. प्रेडनिसोलोन हे ल्युकेमियाच्या उपचारातलंच औषध. आजार तात्पुरता दबतो, बोनमॅरोच्या, म्हणजे अस्थिमज्जेच्या, तपासणीतलं चित्र पुसट होतं. शिवाय मुलाचं वय १ ते १० मध्ये आहे का, सुरुवातीला पांढऱ्या पेशी ५०,००० च्या खाली होत्या का, यावर धोक्याचा गट ठरतो. तो मूळ आकडाच नसेल तर पुढच्या डॉक्टरांनी ठरवायचं कशावर? छातीतल्या गाठीमुळे घरघर लागलेल्या मुलाला दमा समजून स्टेरॉइड दिलं जातं, तेही असंच. आधी एक एक्स-रे काढायला काय हरकत आहे?

मानेच्या गाठीला आपल्याकडे पहिला संशय टीबीचा, आणि तो चूक नाही. पण बायोप्सीशिवाय महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या नकोत. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, ओळखायला सुईतल्या चार पेशी सहसा पुरत नाहीत, अख्खी गाठ लागते; आणि बर्किटसारखा लिम्फोमा दिवसागणिक वाढतो.

कर्करोग बी पेशींचा की टी पेशींचा, गुणसूत्रांत काय बदल, हे फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणा ओळखणारी तपासणी) आणि मोठ्या प्रयोगशाळांचं काम. ते तालुक्यात व्हावं असं मी म्हणत नाही. मूल मुंबईच्या किंवा बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयात पाठवताना कागदांसोबत मूळ स्लाइड द्यावी, आणि स्टेरॉइड दिलं असेल तर कोणत्या तारखेपासून, किती, हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहावं. आरोग्य विभागाने एवढं तरी सक्तीचं करावं.

— एक निवृत्त लॅब टेक्निशियन, करमाळा