बाथरूमचं काम केलेल्या मिस्त्रीकाकांना

नमस्कार मिस्त्रीकाका,

पैसे दिले तेव्हा घाईत नीट बोलणं झालं नाही म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, तुमचा मुलगा वाचून दाखवेल तुम्हाला.

बाबांना अर्धांगवायू झाला, डावी बाजू गेली, आणि हॉस्पिटलातून घरी आणायच्या आत बाथरूम बदलायचं होतं. बाकी दोघं येऊन गेले, मापं घेतली, टाइल्सचा रेट सांगितला, उद्यापासून फोडायला घेतो म्हणाले. तुम्ही आलात आणि टेप काढायच्या आधी विचारलंत, वापरणार कोण? मग कुठला हात चालतो, आत व्हीलचेअर न्यायची का वॉकर, रात्री सोबत कोण असतं. आणि वर म्हणालात की पेशंट घरी आले की मला बोलवा, त्यांना बघितल्याशिवाय मी हातोडा लावणार नाही. दादाची घाई चालली होती पण तुम्ही ठाम राहिलात, ते फार बरं झालं.

त्या दिवशीचं मला अजून डोळ्यासमोर आहे. तुम्ही बाबांना साध्या खुर्चीवर बसवलंत आणि म्हणालात उठा बघू सावकाश, आणि उठताना त्यांचा उजवा हात आपोआप जिथे भिंतीकडे गेला तिथे पेन्सिलीने खूण केलीत. आधाराला धरायची दांडी बरोबर तिथेच बसली, आणि नुसत्या टाइलला नाही तर आत विटेपर्यंत फास्टनर घालून, कारण माणसाचं सगळं वजन त्यावर येतं. खुर्ची अठरा इंचाची, तिच्यावरून ते उठू शकतात हे बघून कमोडखाली ठोकळा घालून उंची तेवढी केलीत, नाहीतर नेहमीचा कमोड खालीच राहतो.

दाराचं तर आमच्या डोक्यातही आलं नसतं काका. आत उघडणारं दार असलं आणि माणूस दाराशीच पडला तर बाहेरून ढकलता येत नाही, म्हणून बाहेर उघडणारं करू का असं विचारलंत, आणि कडीच्या जागी बाहेरूनही उघडेल असं लॅच लावलंत. उंबऱ्याचंही तसंच. चार इंचाचा उंबरा, त्याला रॅम्प करायचा तर इंचाला एक फूट म्हणजे चार फूट लांबी लागते, आमच्या पॅसेजमध्ये एवढी जागाच नाही. मग उंबरा काढून फरशीला आतल्या बाजूला ढाळ दिलात आणि दाराशी लांब जाळी टाकलीत, वॉकर सरळ आत जातो आणि पाणी बाहेर येत नाही.

डाव्या हाताला गरम गार कळतं का हेही विचारून घेतलंत (डॉक्टरांशिवाय हे कुणी विचारलं नव्हतं), आणि नाही म्हटल्यावर नळ उजव्या हाताशी घेतलात.

आता बाबा सकाळी एकटे आत जातात. आई बाहेर स्टुलावर बसते पण हाक मारायची वेळ सहसा येत नाही. कुणाच्या मदतीशिवाय अंघोळ करता येणं त्यांच्यासाठी किती मोठं आहे ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं, आणि त्याबद्दल तुमचे आभार मानावे तेवढे थोडेच आहेत.

आमच्या खालच्या मजल्यावरच्यांनाही त्यांच्या आईसाठी असंच काम करून घ्यायचंय, तुमचा नंबर दिलाय. तुम्ही बघायला याल तेव्हा आजींना घरीच थांबवा असं त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय.